आठची एक नको, चारच्या दोन घ्या

पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आठ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला निघालेल्या फोटोग्राफरला माझं पहिलं सांगणं असतं : आठची एक आणू नका, चारच्या दोन आणा. पैसे थोडे जास्त जातील. पण एकाच डिस्कवर ठेवलेले फोटो त्या डिस्कच्या आयुष्याला बांधलेले असतात, आणि ते आयुष्य किती हे कंपनीही सांगू शकत नाही.

हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बॅकअप म्हणून जे केलं जातं तो बहुतेक वेळा बॅकअप नसतोच. कॉम्प्युटर भरला की जुनी लग्नं एक्स्टर्नल डिस्कवर टाकायची, कॉम्प्युटरवरून उडवायची आणि ‘बॅकअपला टाकलंय’ म्हणून निर्धास्त व्हायचं. यात फोटोंची जागा बदलली, प्रत वाढली नाही. आधी एकच प्रत होती, आताही एकच आहे. उलट पूर्वी ती कॅबिनेटच्या आत सुरक्षित होती, आता टेबलाच्या कडेला आहे.

अल्बमची छपाई बिघडली तर पुन्हा करून देता येते. सप्तपदी पुन्हा होत नाही. अक्षता टाकायला आलेली नव्वदीची आजी पुढच्या वर्षी असेलच असं नाही, आणि तिचा शेवटचा चांगला फोटो कदाचित तुमच्याच डिस्कवर असेल. या जबाबदारीच्या मानाने दुसऱ्या डिस्कची किंमत फारच किरकोळ आहे.

अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी आपल्याकडच्या लाखो हार्ड डिस्कपैकी किती बंद पडल्या याचे आकडे नियमितपणे जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. आकडा लहान वाटतो, पण त्या डिस्क वातानुकूलित खोलीत, न हलवता, अखंड विजेवर चालतात. आपल्याकडची डिस्क लग्नाच्या हॉलवर जाते, गाडीच्या डिकीत तापते, लाइट गेली की मधेच बंद होते. शिवाय तुमच्याकडे लाखभर डिस्क नाहीत, एकच आहे. ती गेली म्हणजे तुमच्यापुरतं प्रमाण शंभर टक्के.

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला एक नियम आता जगभर पाळला जातो : प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी. लग्नाची कामं करणाऱ्या आपल्याकडच्या स्टुडिओला हा नियम असा बसतो : चालू कामासाठी एक एसएसडी, टेबलाजवळ एक हार्ड डिस्क आणि तेवढ्याच क्षमतेची दुसरी हार्ड डिस्क दुसऱ्या घरात. बाकी सगळं यापुढचं.

आधी हिशेब

किती टीबी घ्यायचे हे दुकानदाराला विचारू नका, स्वतःचा मागचा सीझन मोजा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. कॉम्प्रेस न करता ठेवली तर काही कॅमेऱ्यांत ती ४५ च्या पुढे जाते. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर एका फोटोला ५० ते ६० एमबी धरा. हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून दोन कॅमेऱ्यांवर चार हजार फोटो निघाले, तर ३० एमबीच्या हिशेबाने १२० जीबी झाले. सीझनला पंचवीस लग्नं म्हणजे तीन टीबी.

व्हिडिओ घेत असाल तर गणित एकदम बदलतं. १०० मेगाबिटला चित्रित केलेला फोरके व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. चार तासांचं फुटेज म्हणजे १८० जीबी, ड्रोनचं वेगळंच. फोटो आणि व्हिडिओ मिळून एक लग्न ३०० जीबीवर जातं आणि पंचवीस लग्नांना साडेसात टीबी लागतात. अशांना आठच्या दोनही कमी पडतील, त्याहून मोठ्या घ्याव्यात.

अल्बमच्या फाइल मोजायला बरेच जण विसरतात. १२ बाय ३६ ची एक शीट ३०० डीपीआयला बनवली तर ती जवळपास ३९ मेगापिक्सेलची होते. एकाच लेयरची असली तरी मेमरीत ११५ एमबीच्या वर. बॅकग्राउंड, मास्क, टेक्स्ट असे लेयर चढले की पीएसडी काही शे एमबीला सहज पोचते. चाळीस शीटचा अल्बम म्हणजे आणखी दहा-पंधरा जीबी.

आलेल्या बेरजेत निम्मी भर घाला. चार टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ टीबी दिसते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्यात दुकानदाराची फसवणूक नाही. आणि डिस्क काठोकाठ भरू नये, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहू द्यावी.

वेग कुठे लागतो, कुठे नाही

एक्स्टर्नल डिस्क घेताना बहुतेक लोक खोक्यावरचा वेग वाचतात. कामाच्या डिस्कसाठी ते योग्य आहे, बॅकअपच्या डिस्कसाठी त्याला फारसं महत्त्व नाही.

ढोबळ अंदाज असा धरा. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १४० एमबी देते. टेबलावर ठेवायची साडेतीन इंची डिस्क दीडशे ते अडीचशे. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. एनव्हीएमई प्रकारची एक्स्टर्नल एसएसडी दहा गिगाबिटच्या पोर्टवर हजारच्या जवळ जाते. म्हणजे एक टीबी डेटा हलवायला अडीच इंची डिस्कला सव्वादोन-अडीच तास लागतील आणि चांगल्या एसएसडीला वीस मिनिटं.

पण हा वेग तुमच्या टेबलावर मिळेलच असं नाही. यूएसबीच्या नावांनी कंपन्यांनी गोंधळ घातला आहे : यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही तिन्ही नावं पाच गिगाबिटच्या एकाच पोर्टची आहेत. म्हणून नाव सोडा, गिगाबिट किती ते विचारा. वीस गिगाबिटची एसएसडी घेतली, पण कॉम्प्युटरला त्या प्रकारचं पोर्ट नसेल तर ती दहावर चालते; बहुतेक मॅकवर हेच होतं. जास्तीचे पैसे वाया.

त्याहून मोठा घोळ केबलचा. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल दिसायला डिस्कच्या केबलसारखीच असते, दोन्ही टोकांना नीट बसते, डिस्क चालूही होते. पण अशा बहुतेक केबल आतून यूएसबी २.० च्या असतात, आणि मग हजारचा वेग देणारी एसएसडी सेकंदाला ३५-४० एमबीवर रांगते. ‘नवी एसएसडी स्लो आहे’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी केबल बघतो. डिस्कबरोबर आलेल्या केबलला रंगीत टेप गुंडाळून ठेवा आणि ती मोबाइलला लावू नका. तसंच डेस्कटॉपला डिस्क लावताना कॅबिनेटच्या मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टना आतून लांब वायर गेलेली असते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती सैल किंवा हळू असते. वेगळा ॲडॉप्टर नसलेल्या हबवर हार्ड डिस्क लावूच नये. वीज पुरत नाही आणि कॉपी चालू असताना डिस्क मधेच गायब होते.

आता हा वेग खरोखर कुठे कामी येतो? लाइटरूममध्ये रॉ फाइल एकदा उघडली की पुढचं काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं असतं. फोटो हार्ड डिस्कवर असला म्हणून स्लायडर अडत नाही. अडतं ते कॅटलॉग आणि प्रिव्ह्यूमुळे. लाइटरूम त्या फाइलींना सतत हात लावत असतं. म्हणून कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू नेहमी एसएसडीवर, शक्यतो कॉम्प्युटरच्या आतल्याच. फोटो निवडताना पटापट पुढे जायचं असेल, फोरके व्हिडिओ कापायचा असेल किंवा मोठ्या पीएसडी वारंवार सेव्ह करायच्या असतील, तर चालू लग्नही एसएसडीवर असावं. एक टीबी बहुतेकांना पुरते, व्हिडिओवाल्यांना दोन. आणि डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोकळी जागा असेल तर कामाची एसएसडी एक्स्टर्नल घेण्याची गरजच नाही. मदरबोर्डवर एम डॉट टूची खाच रिकामी आहे का ते आधी बघा. आत बसवलेली स्वस्त पडते आणि केबलची कटकट राहत नाही. मॅक मिनी किंवा आयमॅकवाल्यांना मात्र एक्स्टर्नलला सहसा पर्याय नाही.

एसएसडी घेताना आतली मेमरी टीएलसी प्रकारची की क्यूएलसी एवढं विचारा. क्यूएलसी स्वस्त असते, पण सलग मोठी कॉपी सुरू केली की सुरुवातीचे काही जीबी जोरात जातात आणि मग वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली येतो. लग्नाची चार कार्डं एका दमात रिकामी करणाऱ्याने टीएलसीच घ्यावी.

एसएसडीवर जुना संग्रह कायमचा ठेवून तो कपाटात टाकू नका. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार विजेशिवाय हळूहळू कमी होतो. लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात, वीज नसताना, एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा जेडेक या संस्थेच्या मानकात आहे. नवी एसएसडी याहून बरंच जास्त टिकवते, पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात तीस अंश राहत नाहीत. शिवाय एसएसडीवरून चुकून उडवलेली फाइल परत मिळणं फार कठीण असतं, कारण ‘ट्रिम’ नावाची सोय मोकळी झालेली जागा लगेच साफ करून टाकते. हार्ड डिस्कवर निदान आशा असते.

बॅकअपची डिस्क

बॅकअपला मी साडेतीन इंची डेस्कटॉप हार्ड डिस्क सुचवतो. तिला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, ती जड असते, पिशवीत घालून फिरवण्याजोगी नसते. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला यातलं काहीच अडत नाही. बदल्यात टीबीमागे पैसे कमी पडतात आणि क्षमता मोठी मिळते. ॲडॉप्टरवर मात्र डिस्कचं नाव लिहून ठेवा. सारखीच पिन असलेला राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा वेगळ्या व्होल्टचा ॲडॉप्टर घाईत लागला की डिस्कचा सर्किटबोर्ड जळतो, आणि ही घाई सीझनमध्येच होते.

अडीच इंची पोर्टेबल डिस्कबद्दल एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. पूर्वी हिच्या आत साधी साटा डिस्क आणि वर एक छोटी यूएसबीची पट्टी असायची. पोर्ट तुटलं तर डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालता यायची. आता अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटबोर्डवरच असतं. केबलला हिसका बसून ते चपटं पोर्ट उचकटलं, तर आतला डेटा धडधाकट असूनही साध्या दुरुस्तीवाल्याला काढता येत नाही. पोर्टेबल डिस्क हॉलवर, प्रवासात, तात्पुरत्या कॉपीसाठी जरूर वापरा. कायमचा साठा तिच्यावर नको.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये जास्त डेटा बसवण्यासाठी ते छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची हलवावी लागतात, तसं इथे एक पट्टा बदलताना पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे सलग मोठी कॉपी चालू असताना एसएमआर डिस्क मधेच फार हळू होते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क ग्राहकांना न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. तेव्हापासून कंपन्या ही माहिती आपल्या तांत्रिक पत्रकात देऊ लागल्या. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या प्रतीला एसएमआर चालून जाते. रोज बॅकअप घ्यायच्या आणि रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) बॉक्समध्ये बसवायच्या डिस्कला सीएमआरच हवी. सीगेटची आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस या सीएमआर आहेत. त्या सुट्या घेऊन चांगल्या केसमध्ये किंवा डॉकमध्ये लावणं हा मला सर्वांत समाधानकारक मार्ग वाटतो, कारण केस बिघडली तरी डिस्क मोकळी राहते.

कंपनी कुठली, हा प्रश्न जितका विचारला जातो तितका मोलाचा नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कुठलंही असो, आतली डिस्क यातल्याच कुणाची तरी असते. तिन्हींच्या चांगल्या डिस्क आहेत आणि तिन्हींच्या डिस्क बंद पडतात. महत्त्वाचं हे की तुमच्या दोन डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एखाद्या खेपेतच दोष असतो. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही एसएसडी अचानक डेटा गमावू लागल्या आणि कंपनीला फर्मवेअरची दुरुस्ती काढावी लागली. अशा वेळी दोन्ही प्रती त्याच मॉडेलवर असतील तर दुसरी असून नसल्यासारखी. एक या कंपनीची घ्या, दुसरी त्या कंपनीची, महिन्याभराच्या अंतराने.

ऑनलाइन दिसणारी दोन-तीन हजारांतली ‘सोळा टीबी एसएसडी’ ही सरळ फसवणूक आहे. आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला सोळा टीबी असं खोटं सांगणारी चिप. मेमरी कार्डाची खरी क्षमता संपली की पुढचे फोटो जुन्यांवरच लिहिले जातात. नावं दिसत राहतात, फोटो उघडत नाहीत. कुठलीही नवी डिस्क आणली की पहिल्या दिवशी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफथ्री या मोफत प्रोग्रामने ती पूर्ण लिहून-वाचून तपासा. मोठ्या डिस्कला यात एखादा दिवस जातो. जाऊ द्या. अस्सल पण खराब निघालेली डिस्कही याच परीक्षेत सापडते, आणि बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत सापडते. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी लागू आहे का तेही बघा. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुन्यातले फोटो मिळत नाहीत.

दोन डिस्कचा रेड बॉक्स घेतला की बॅकअप झाला असं अनेकांना वाटतं. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, हा त्याचा फायदा खरा आहे. पण तुम्ही चुकून फोल्डर उडवलं की ते दोन्हींवरून त्याच क्षणी उडतं. व्हायरस आला, विजेचा झटका आला, बॉक्स चोरीला गेला, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. रेड ० तर त्याहून वाईट : त्यात दोन डिस्क मिळून एक होते आणि दोन्हींपैकी कुठलीही गेली तरी सगळं जातं. स्टुडिओत दोन-तीन जण एकाच वेळी एडिटिंग करत असतील तर नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा बॉक्स) घेण्यात अर्थ आहे. एकट्याने काम करणाऱ्याने ते पैसे तिसऱ्या प्रतीवर घालावेत.

दुसऱ्या घरातली प्रत

एकाच खोलीत पाच डिस्क ठेवल्या तरी त्या सगळ्या एकाच संकटात जाऊ शकतात. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या सिनेमाचा फार मोठा जुना ठेवा जळून गेला. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत कुठेच नव्हती ते कायमचे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी दुकानांत, स्टुडिओंत शिरलं. पाणी चढायला लागलं की माणूस आधी माणसं हलवतो, मग कॅमेरे. खालच्या खणातली डिस्क त्या वेळी कुणाला आठवणार?

म्हणून दुसरी प्रत सासरी, बहिणीकडे, मित्राच्या घरी, कुठेही ठेवा. पण ती वेगळ्या छताखाली असू द्या, आणि पूररेषेच्या गावात असाल तर उंचावरच्या घरात. महिन्यातून एकदा दोन डिस्कची अदलाबदल करा. टेबलाजवळची तिकडे, तिकडची इकडे आणून अद्ययावत. सीझनमध्ये हे दर आठवड्याला करा. दुसऱ्याच्या घरी ठेवताना डिस्कला पासवर्डचं कुलूप लावा, कारण त्यात लोकांच्या घरातले फोटो आहेत. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, बाकीच्यांना व्हेराक्रिप्ट मोफत मिळतं. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. तो हरवला तर डेटा कुणालाच मिळणार नाही.

दूर ठेवलेल्या डिस्कचा आणखी एक मोठा उपयोग आहे. रॅन्समवेअर शिरला की तो कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो. घरगुती कॉम्प्युटरवर जगभर पसरलेली स्टॉप-डीजेव्हीयू ही मालिका मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आली. फुकटचं फोटोशॉप टाकलेल्या कॉम्प्युटरला बॅकअपची डिस्क चोवीस तास जोडून ठेवणं म्हणजे दोन्ही प्रती एकदम पणाला लावणं. बॅकअप झाला की डिस्क इजेक्ट करा आणि केबल काढा.

क्लाउडबद्दल विचारलं जातं. फोटोंच्या तयार जेपीईजीसाठी क्लाउड चांगलं आहे, सगळ्या रॉ फाइलींसाठी आपल्याकडे अजून जड जातं. अपलोडचा वेग १०० मेगाबिट अखंड मिळाला तरी एक टीबी चढवायला बावीस तास लागतात. २० मेगाबिट असेल तर साडेचार दिवस. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. निवडलेले, एडिट केलेले फोटो आणि अल्बमच्या अंतिम फाइली तिथे ठेवा. एका लग्नाला दहा-वीस जीबी पुरतात.

कार्ड ते कपाट

डिस्क उत्तम घेतल्या आणि शिस्त नसली तर उपयोग नाही. लग्नाहून आल्यावर, कितीही रात्र झाली तरी, कार्डातला डेटा कामाच्या एसएसडीवर आणि लगेच टेबलाजवळच्या हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्ही कॉपी कार्डावरूनच करा, म्हणजे पहिल्या कॉपीत झालेली चूक दुसरीत जाणार नाही. साध्या कॉपी-पेस्टपेक्षा टेराकॉपीसारखा प्रोग्राम वापरून ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. तो कॉपी झालेली फाइल मूळ फाइलीशी ताडून बघतो. नंतर फोटोंची संख्या जुळवा, प्रत्येक कार्डातले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो उघडून मोठे करून बघा. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जमलं तर दुसऱ्या घरातली प्रत होईपर्यंतही नाही. चार कार्डं जास्त घ्यावी लागली तरी चालेल. फोल्डरला आधी तारीख द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग गाव आणि आडनावं. ‘न्यू फोल्डर २ फायनल’मध्ये तीन वर्षांनी काही सापडत नाही.

लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, फक्त तुम्ही केलेलं काम असतं. आणि रॉ फाइलींच्या बॅकअपमध्ये ते काम नसतं. दोन्ही वेगवेगळे सांभाळावे लागतात. कॅटलॉगचा बॅकअप लाइटरूम स्वतः घेतं, पण तो त्याच डिस्कवर ठेवला तर अर्थ नाही. लाइटरूम बंद करताना बॅकअपची जी खिडकी उघडते, तिच्यात त्याची जागा बॅकअपच्या डिस्कवर द्या.

रोजच्या बॅकअपला विंडोजवर फ्रीफाइलसिंक आणि मॅकवर टाइम मशीन पुरेसं आहे. फक्त ‘मिरर’ करताना सावध राहा. मूळ जागेवरून उडालेली फाइल मिरर बॅकअपवरूनही उडवतो. फ्रीफाइलसिंकमध्ये उडालेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपण्याची सोय आहे. ती चालू करा. फक्त विंडोज वापरत असाल तर डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, फक्त मॅक असेल तर मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, म्हणून देवाणघेवाणीला सोयीचं. पण कॉपी चालू असताना लाइट गेली तर त्यात घोळ व्हायची भीती जास्त. याच कारणासाठी कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तर साडेतीन इंची डिस्कचा ॲडॉप्टरही यूपीएसवरच लावा. अनेक स्टुडिओंत कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसवर असतात आणि डिस्क भिंतीच्या सॉकेटवर.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची प्रकृती बघा. ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत चालला, तर डिस्क चालू असतानाच नवी आणा. वय चार-पाच वर्षं झालं की चांगली चालत असली तरी तिला कामावरून काढा. आणि डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला तर त्याच क्षणी वीज बंद करा. पुन्हा लावून बघू, चेकडिस्क चालवून बघू, असलं काही करू नका. आतलं हेड तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना थोडे फोटो कायमचे जातात. ती डिस्क स्वच्छ खोलीची सोय असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच उघडली गेली पाहिजे, आणि त्याचं बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतं. दुसरी प्रत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढवा : अल्बम दिल्यानंतर रॉ फाइली किती महिने ठेवणार आणि तयार फोटो किती वर्षं. ग्राहकाला सगळे तयार फोटो पेन ड्राइव्हवर द्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर लगेच उतरवून घ्यायला सांगा. काम संपल्यावर तुमच्या एसएसडीवरून ते लग्न निघून जातं. तेव्हा तयार फोटोंची तिसरी प्रत ग्राहकाकडची हीच असते.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील आणि मग कुणालाच सवड मिळणार नाही. त्याच्या आत दुसरी डिस्क आणा, मागच्या सीझनचा सगळा डेटा तिच्यावर उतरवा, कुठल्याही एका लग्नाचे दहा फोटो तिच्यावरून उघडून बघा, आणि ती स्टुडिओबाहेर नेऊन ठेवा.